गेममधले चीट आतून कसे चालतात? शिकायला सुरुवात कुठून करू?

पन्हाळ्याचा_वारा
नमस्कार मंडळी. कोल्हापुरात डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे, संगणक शाखा. पहिल्या वर्षी सी झालं. लूप, अ‍ॅरे, फंक्शन जमतं. पॉइंटर परीक्षेत लिहिला, पण तो नक्की कशासाठी असतो हे अजून पोटात उतरलेलं नाही.

मावसभावाकडे जुन्या संगणकावर व्हाइस सिटी हा गेम आहे. 'पँझर' टाइप केलं की शेजारी रणगाडा येतो हे शाळेपासून माहीत होतं. पण परवा त्यानं गेम चालू ठेवून दुसराच एक प्रोग्राम उघडला, त्यात स्वतःच्या पैशांचा आकडा शोधला, बदलला, आणि गेममध्ये पैसे खरंच वाढले. तेव्हापासून डोक्यात हेच चालू आहे. गेम दुसऱ्या कुणी लिहिलेला, त्याचा कोड आपल्याकडे नाही, मग बाहेरचा प्रोग्राम त्याच्या आत शिरतो कसा? विंडोज त्याला अडवत का नाही?

मला ऑनलाइन गेममध्ये काही करायचं नाहीये. फक्त हे कसं होतं ते समजून घ्यायचंय आणि जमलं तर स्वतः लिहून बघायचंय. सी पुरेल का? असेम्ब्ली शिकावी लागेल का? वर्गातली पोरं म्हणतात, पायथॉनशिवाय काही होत नाही.

हलगी
व्हाइस सिटी! धागा काढलास तो एक नंबर काढलास भावा. बसतोय मी हितंच.

बिंदूचौक_कॅफे
मी बरीच वर्षं नेट कॅफे चालवला. प्रत्येक संगणकाशेजारी भिंतीवर चीटचा कागद चिकटवलेला असायचा. फाटला की पोरं स्वतः नवीन लिहून आणायची, अक्षर शाळेच्या वहीपेक्षा सुरेख. कुणाला इंग्रजी स्पेलिंग यायचं नाही, पण 'लीव्हमीअलोन' एका दमात टाइप व्हायचं, कारण मागे पोलीस लागलेले असायचे.

पन्हाळ्याच्या वाऱ्या, तू दोन वेगळ्या गोष्टी एकत्र केल्या आहेस. 'पँझर' हा गेम बनवणाऱ्यांनीच आत ठेवलेला चीट. गेम तुझी शेवटची काही अक्षरं सतत लक्षात ठेवत असतो आणि प्रत्येक कळ दाबली की ती त्याच्या यादीशी ताडून बघतो. जुळलं की नेमून दिलेलं फंक्शन चालतं. म्हणून तर गाडी चालवताना मधेच टाइप केलं तरी चालायचं, कुठली खिडकी उघडावी लागत नव्हती.

त्यापुढच्या सॅन अँड्रियासमध्ये तर फार मजेशीर प्रकार आहे. तिथे चीटचे शब्द गेममध्ये लिहिलेलेच नाहीत. टाइप केलेल्या अक्षरांवरून सीआरसी ३२ या पद्धतीने एक आकडा काढतात आणि तो आकडा यादीत आहे का एवढंच बघतात. त्यामुळे 'हेसोयाम' टाइप केलं की तब्येत, चिलखत आणि अडीच लाख डॉलर मिळतात हे खरं, पण अक्षरांची दुसरी एखादी निरर्थक माळही तोच आकडा देऊ शकते. तीही चालते! आमच्याकडे एका पोराच्या हातून कीबोर्डवर भलतंच काही दाबलं गेलं आणि चीट लागला. सगळा कॅफे त्याच्याभोवती गोळा झाला होता. तेव्हा मलाही कारण माहीत नव्हतं.

तुझा दुसरा प्रश्न बाहेरच्या प्रोग्रामचा. ते इथले जाणकार सांगतील.

मेमरीतला_उंदीर
सांगतो. नीट वाच, कारण यातच तुझा पॉइंटर सुटणार आहे.

गेम चालू असताना तुझे पैसे, रक्त (म्हणजे खेळाडूचा उरलेला जीव), गोळ्या हे सगळं रॅममध्ये कुठल्या तरी पत्त्यावर आकडा म्हणून बसलेलं असतं. समज रक्त १०० आहे आणि ते चार बाइटच्या इंटमध्ये ठेवलंय. षोडशमान पद्धतीत १०० म्हणजे ६४. इंटेल-एएमडीच्या प्रोसेसरवर लहान बाइट आधी येतो, म्हणून मेमरीत ते ६४ ०० ०० ०० असं दिसतं. बाहेरचा प्रोग्राम गेमची सगळी मेमरी चाळतो आणि १०० कुठे कुठे आहे याची यादी करतो. यादी हजारोंची निघते, कारण १०० हा आकडा कुठेही असू शकतो. मग तू गेममध्ये जाऊन मार खातोस. रक्त ८७ झालं. आता त्याच यादीतले जे पत्ते १०० वरून ८७ झाले तेवढेच ठेवायचे. परत मार खा, परत गाळ. बऱ्याचदा तीन-चार चाळण्यांत एक-दोन पत्ते उरतात. तिथे ९९९ लिहिलं की झालं. 'फ्रीझ' म्हणतात ती जादू नाही, तो प्रोग्राम तोच आकडा सेकंदाला अनेकदा पुन्हा पुन्हा लिहीत बसतो.

आकडा पडद्यावर दिसतच नसेल, नुसती पट्टी असेल, तर 'वाढला', 'कमी झाला', 'तसाच राहिला' एवढ्यावरही गाळता येतं. वेळ लागतो, पण सापडतं.

विंडोज अडवत का नाही, हा तुझा सगळ्यात चांगला प्रश्न. विंडोज अडवतंच. प्रत्येक प्रोग्रामला स्वतःचा वेगळा मेमरीचा पसारा मिळतो, एकाचा पत्ता दुसऱ्याच्या उपयोगाचा नसतो. पण विंडोजने रीतसर दारही ठेवलंय. ओपनप्रोसेस या फंक्शनने परवानगी मागायची, रीडप्रोसेसमेमरीने वाचायचं, राइटप्रोसेसमेमरीने लिहायचं. हे दार चीट करणाऱ्यांसाठी नाही, डीबगरसाठी आहे. तू कोडब्लॉक्समध्ये प्रोग्राम मधेच थांबवून व्हेरिएबलची किंमत बघतोस ना, तेव्हा डीबगर दुसऱ्या प्रोग्रामची मेमरीच वाचत असतो. चीटचं अवजार आणि डीबगर आतून एकच आहेत. हे एकदा डोक्यात बसलं की या विषयाची भीती जाते.

सरळ_रेषा
माफ करा, पण मला हे पटत नाही. चीट म्हणजे फसवणूक. आज 'फक्त समजून घ्यायचंय', उद्या मित्रांसमोर फुशारकी, परवा ऑनलाइन. दुसऱ्या वर्षाच्या मुलानं डेटा स्ट्रक्चर पक्कं करावं, डेटाबेस शिकावा. शाहू स्टेडियमवर रेफरीची नजर चुकवून हात लावलेला गोल आपण कौतुकानं बघत नाही. मग इथे का?

फळा_आणि_खडू
सरळ रेषा, तुमची काळजी मी समजू शकतो. मी पॉलिटेक्निकमध्ये शिकवतो, ही मुलं रोज समोर असतात. पण चीटचा जन्म फसवणुकीतून झालेला नाही, हे आधी मान्य करू.

१९८६ मध्ये कोनामी कंपनीत काझुहिसा हाशिमोतो 'ग्रेडियस' हा गेम घरगुती यंत्रावर आणत होते. चाचणीसाठी तो पुन्हा पुन्हा खेळावा लागे आणि गेम फार अवघड होता. म्हणून त्यांनी एक क्रम आत ठेवला: वर वर, खाली खाली, डावी उजवी, डावी उजवी, बी, ए. तो दाबला की सगळी शस्त्रं मिळत. हाच क्रम पुढे 'काँट्रा'मध्ये तीस जीव देणारा म्हणून जगभर पोचला. हाशिमोतो २०२० मध्ये गेले तेव्हा जगभरच्या खेळणाऱ्यांनी हाच क्रम लिहून त्यांना निरोप दिला. म्हणजे मुळात हे काम करणाऱ्या माणसाचं अवजार होतं.

आणि वाचायला खरा कोड हवा असेल तर 'डूम' आहे. गेम १९९३ चा, त्याचा सोर्स कोड १९९७ मध्ये खुला झाला आणि तो शुद्ध सी आहे. त्यात 'एम_चीट डॉट सी' नावाची छोटी फाइल आहे, दुसऱ्या वर्षाच्या मुलाला एका बैठकीत वाचता येईल अशी. चीटची अक्षरं बिटांची अदलाबदल करून ठेवली आहेत, म्हणजे कुणी फाइल उघडून सहज वाचू नये. 'आयडीडीक्यूडी' टाइप केलं की खेळाडूच्या एका व्हेरिएबलमधला एक बिट चालू होतो आणि रक्त १०० होतं, बस. मग इजा करणाऱ्या फंक्शनमध्ये जाऊन बघा: हा बिट चालू असेल आणि इजा १००० पेक्षा कमी असेल, तर फंक्शन काही न करता परत येतं. म्हणजे अमरपणालाही मर्यादा आहे! टेलिपोर्ट होऊन कुणी तुमच्याच जागी प्रकटलं तर इजा १०००० धरली आहे, तिथे अमर माणूसही मरतो. बिटवाइज ऑपरेटर शिकवताना मी फळ्यावर हेच उदाहरण घेतो. मुलं त्या तासाला मागच्या बाकावर बसत नाहीत.

हलगी
सर, आमच्या येळंला तुम्ही कुठं होता?

उद्यमनगरी
मी सीएनसी ऑपरेटर होतो, आता प्रोग्रामिंगवरच आहे. पोराला माझा अनुभव सांगतो. मशीनवर मॅक्रो व्हेरिएबल असतात, आमच्या फानुक कंपनीच्या कंट्रोलरवर शंभरपासूनचे मशीन बंद केलं की पुसले जायचे आणि पाचशेपासूनचे तसेच राहायचे. जॉब चालू असताना पडद्यावर ते आकडे हलताना बघायचो. कुठला आकडा कुठल्या कामाने बदलतोय हे बघत बघतच मला लोकांचे प्रोग्राम वाचता यायला लागले, पुस्तक नंतर हातात आलं. चालू असलेल्या गोष्टीच्या आतले आकडे बघणं यासारखं दुसरं शिक्षण नाही. सरळ रेषा म्हणतात ते डेटा स्ट्रक्चर याच वाटेवर लागतंय, बघा तुम्ही. खेळाडू म्हणजे एक स्ट्रक्ट, एकत्र बांधलेल्या व्हेरिएबलचा गठ्ठा, त्यात रक्त, गोळ्या, जागा शेजारी शेजारी. एकाचा पत्ता सापडला की बाकीचे चार-चार बाइटवर बसलेले सापडतात.

पन्हाळ्याचा_वारा
सगळ्यांचे आभार. उंदीर दादा, तुम्ही सांगितलं तसं मावसभावाकडे करून बघितलं. पैसे सापडले, बदलले. पण दुसऱ्या एका नव्या गेममध्ये केलं, गेम बंद करून परत चालू केला, तर तो पत्ता गेला. तिथे भलताच आकडा. असं का? दर वेळी परत शोधायचं का?

मेमरीतला_उंदीर
आता आलास मुद्द्यावर. दोन कारणं आहेत. एक, आजकाल विंडोज आणि लिनक्स दोन्ही प्रोग्रामला मेमरीत ठरलेल्या जागी न बसवता वेगवेगळ्या जागी बसवतात, हल्लेखोराला पत्ता आधी कळू नये म्हणून. याला एएसएलआर म्हणतात. दोन, खेळाडूचा स्ट्रक्ट गेम चालू झाल्यावर मॅलॉक किंवा न्यूने, म्हणजे चालता चालता मेमरी मागून, तयार होतो, तो कुठे मिळेल ते तेव्हाच ठरतं.

पण विचार कर, गेमला स्वतःला तो खेळाडू कसा सापडतो? त्याच्याकडे कुठे तरी एक पॉइंटर, म्हणजे पत्ता साठवणारा व्हेरिएबल, असलाच पाहिजे. मंगळवार पेठेत भाड्यानं राहणारं बिऱ्हाड दर ११ महिन्यांनी खोली बदलतं, पण कोपऱ्यावरचा किराणावाला जागचा हलत नाही आणि उधारीपायी त्याच्या वहीत नवा पत्ता कायम लिहिलेला असतो. तू खोली शोधू नकोस, वही शोध. गेमच्या एक्सई फाइलच्या सुरुवातीपासून ठरावीक अंतरावर तो ग्लोबल पॉइंटर असतो. तिथून पत्ता घ्यायचा, त्यात रक्ताचं अंतर मिळवायचं, पोचलास. कधी वहीत दुसऱ्या वहीचा पत्ता निघतो, तिच्यात तिसरीचा. त्याला पॉइंटरची साखळी म्हणतात.

परीक्षेत लिहिलेला 'पॉइंटर टू पॉइंटर' हाच.

पन्हाळ्याचा_वारा
दादा, हे वाचून वही उघडली आणि पहिल्या वर्षाचा तो धडा परत वाचला. दोन तारे का लावतात ते पहिल्यांदा कळलं.

राजारामपुरी_गल्ली
मी इथे फारशी लिहीत नाही. माझा मुलगा नववीत आहे, फोनवर बीजीएमआय हा ऑनलाइन गोळीबाराचा गेम खेळतो. परवापासून हट्ट करतोय की एक 'मॉड' फाइल आहे, ती टाकली की भिंतीपलीकडचे खेळाडू दिसतात, फक्त थोडे पैसे द्यायचे आणि माझ्या फोनवर टाकायची, कारण त्याचा फोन जुना आहे. तुम्ही सगळे हे इतक्या प्रेमानं बोलताय म्हणून विचारते, हेच ते आहे का? देऊ का टाकू?

टॉवर_लाइन
ताई, अजिबात टाकू देऊ नका. मी नेटवर्कच्या क्षेत्रात काम करते. ही फाइल प्ले स्टोअरबाहेरून येते, आणि अशा फाइली बऱ्याचदा अ‍ॅक्सेसिबिलिटीची परवानगी मागतात. ती मिळाली की पडद्यावर काय दिसतंय ते वाचता येतं आणि तुमच्या वतीनं बटणंही दाबता येतात. शिवाय एसएमएसची परवानगी मागितली तर ओटीपी त्याच्या हातात. तुमच्या फोनवर बँकेचं आणि यूपीआयचं अ‍ॅप असणारच. दुसऱ्याला फसवायचं साधन विकणारा माणूस तुमच्याशी प्रामाणिक वागेल असं धरून चालू नका. मुलाला रागावू नका, पण हे त्याला असंच समजावून सांगा. नववीतल्या मुलाला नीट कळतं.

आणि हे 'तेच' आहे का, तर नाही. इथे फरक समजून घेऊ, पन्हाळ्याच्या वाऱ्यालाही उपयोगी पडेल. एकट्यानं खेळायच्या गेममध्ये खरा आकडा तुमच्या संगणकावर असतो. ऑनलाइन गेम नीट बांधला असेल तर खरा आकडा सर्व्हरवर असतो, तुमच्या फोनवर फक्त त्याचं चित्र. चित्रात ९९९ लिहा, पुढच्या क्षणी सर्व्हर परत ८७ पाठवतो. म्हणून 'अनलिमिटेड यूसी', 'अनलिमिटेड डायमंड', म्हणजे गेममधले अमर्याद पैसे, असल्या जाहिराती म्हणजे सरळ थापा.

मग भिंतीपलीकडचं दिसतं कसं? कारण शत्रू कुठे आहे हे तुमच्या फोनला आधीच कळवलेलं असतं, नाहीतर तो कोपऱ्यावरून बाहेर आला की लगेच काढायचा कसा? भिंतीमागे लपवायचं काम फोनवर होतं, आणि चीट तेच रद्द करतो. यावर उपाय म्हणजे जे दिसायला नको ते पाठवायचंच नाही. व्हॅलोरंट या ऑनलाइन गेममध्ये सर्व्हर तसं करतो, दिसण्याच्या बेतात आल्याशिवाय शत्रूची जागा कळवतच नाही. शिवाय त्यांचा व्हँगार्ड हा पहारेकरी विंडोज सुरू होतानाच कर्नलमध्ये, म्हणजे विंडोजच्या गाभ्यात, जाऊन बसतो. गेमच्या आधी, चीटच्याही आधी.

राजारामपुरी_गल्ली
मनापासून आभार. आज रात्री बसवून सांगते. 'चित्र' आणि 'खरा आकडा' हे त्याला नक्की पटेल.

सरळ_रेषा
टॉवर लाइन यांनी जे लिहिलं तेच मला म्हणायचं होतं. त्यात भर घालतो, कारण वाऱ्यासारख्या मुलांनी हे वाचावं. २०१८ मध्ये शांघायला काउंटर-स्ट्राइकची स्पर्धा होती. भारतीय संघातल्या एका खेळाडूच्या संगणकावर 'वर्ड डॉट एक्सई' नावानं लपवलेला नेम धरणारा चीट सापडला. पंच तपासायला आले तेव्हा तो बंद करायची धडपड सगळ्या जगानं बघितली. संघ स्पर्धेतून बाद झाला आणि नंतर विसर्जितही झाला. बाकीच्या चौघांनी काय केलं होतं? त्यांची मेहनत एका फाइलपायी मातीत गेली. त्या खेळाडूवर पाच वर्षांची बंदी आली.

कायद्याचंही सांगतो. दुसऱ्याच्या संगणक यंत्रणेत परवानगीशिवाय शिरणं, तिथली माहिती बदलणं हे माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ मध्ये येतं, आणि ते अप्रामाणिकपणे केलं तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. सर्व्हर दुसऱ्याचा असतो हे विसरू नये.

फळा आणि खडू सरांचं उदाहरण मात्र मला आवडलं. डूमची ती फाइल मी काल रात्री शोधून वाचली. सुंदर लिहिलेली आहे.

फळा_आणि_खडू
तुम्ही वाचलीत याचा फार आनंद झाला. आणि शांघायचा किस्सा मी वर्गात सांगणार.

गवती_चहा
विषयांतर करते. एमएससीआयटी करताना एक्सपीवर माइनस्वीपर खेळायचो. त्यात 'एक्सवायझेडझेडवाय' टाइप करून शिफ्ट-एंटर दाबलं की पडद्याच्या अगदी डाव्या वरच्या कोपऱ्यात एक ठिपका, एकच पिक्सेल, कर्सरखाली सुरुंग आहे की नाही त्याप्रमाणे काळा-पांढरा व्हायचा. आमच्या बॅचच्या एका मुलीला हे माहीत होतं. ती सगळ्यांना हरवायची आणि आम्हाला वाटायचं ही गणितात हुशार. होतीच म्हणा हुशार, पिक्सेल बघायलाही नजर लागते.

बिंदूचौक_कॅफे
हे मला आज कळतंय! कॅफेत असतं तर काचेवरची धूळ रोज पुसली असती.

कोड_कांडप
सगळे सी-सी करतायत. पायथॉनमध्ये सीटाइप्स आहे, विंडोजची तीच फंक्शनं थोड्या ओळींत बोलावता येतात. पोराला कशाला त्रास?

मेमरीतला_उंदीर
कांडपशेठ, बोलावता येतात, मान्य. पण पायथॉनमध्ये १०० हा साधा आकडा स्वतःच एक भलामोठा ऑब्जेक्ट असतो. चार बाइट म्हणजे काय, चिन्ह असलेला-नसलेला इंट म्हणजे काय, हे ज्याला अजून हाताला लागायचंय त्याला पायथॉन नेमकं तेच झाकून ठेवतं. आधी सीमध्ये करू दे, मग पायथॉनमध्ये वेगानं करील.

कोड_कांडप
झाकलेलं उघडायलाच तर सीटाइप्स आहे. पण ठीक, पहिला प्रयोग सीमध्ये होऊ दे. दुसरा मी पायथॉनमध्ये शिकवणार, आत्ताच सांगून ठेवतो.

फळा_आणि_खडू
पन्हाळ्याच्या वाऱ्या, आता तुला गृहपाठ देतो. दुसऱ्याचा गेम बाजूला ठेव. स्वतःचा लिही. एक इंट, रक्त १००. एंटर दाबला की रँडने काही तरी कमी होईल आणि नवा आकडा छापला जाईल. शून्य झालं की खेळ संपला. सुरुवातीला प्रोसेस आयडी आणि त्या व्हेरिएबलचा पत्ता छापून ठेव, पर्सेंट पी वापरून. मग दुसरा प्रोग्राम लिही, जो आयडी आणि पत्ता विचारून घेईल आणि तिथे १०० परत लिहील. दोन्ही खिडक्या शेजारी ठेवून चालव.

हे जमलं की पत्ता छापणं बंद कर आणि चाळणी लिही: मेमरीचे कुठले तुकडे वापरात आहेत ते व्हर्च्युअलक्वेरीएक्सने विचारायचं, एकेक वाचायचा, जुळणारे पत्ते अ‍ॅरेत साठवायचे. तुझ्या अ‍ॅरेला किती जागा लागेल आधी माहीत नाही, म्हणजे जागा वाढवून देणारं रीअ‍ॅलॉक आलं. अभ्यासक्रमातलं काय सुटलं सांग?

चीट इंजिन म्हणून मेमरी चाळणारा तयार प्रोग्राम मिळतो, त्याच्यासोबत सरावाचा छोटा प्रोग्रामही येतो, पायरी पायरीनं अवघड होत जाणारा. तो या गृहपाठानंतर कर, आधी नको.

पन्हाळ्याचा_वारा
सर, झालं!! कॉलेजच्या लॅबमध्ये उबुंटू आहे म्हणून तिथेच केलं. तिथे राइटप्रोसेसमेमरी नाही, पण लिनक्समध्ये प्रत्येक प्रोसेसची मेमरी 'प्रोक'मध्ये फाइलसारखी दिसते, 'मेम' नावानं. ती उघडायची, पत्त्याएवढं पुढे सरकायचं आणि चार बाइट लिहायचे. आधी परवानगी नाकारली, सुडोनं, म्हणजे अ‍ॅडमिनच्या अधिकारानं, चाललं. दुसऱ्या खिडकीत एंटर दाबला आणि १२ वर आलेलं रक्त परत नव्वदच्या पुढं! शेजारच्या पोरीनं विचारलं काय झालं, तर तिलाही दाखवलं, आता ती पण करायला लागलीय.

एक अडलंय. तिनं लिहिलेल्या गेममध्ये पत्ता छापलेला नव्हता, चाळणीनं शोधत होतो. तिनं ओ२ (प्रोग्राम वेगवान करायचा कंपायलरचा पर्याय) लावून कंपाइल केलंय आणि रक्त मेमरीत सापडतच नाही. माझ्यात सापडतं.

मेमरीतला_उंदीर
शाब्बास! तिला माझ्याकडून सांग, तिनं नकळत चांगली अडचण शोधली. ओ२ लावलं की कंपायलरला वाटतं, या आकड्याचा पत्ता कुणी मागत नाही, मग तो मेमरीत ठेवायचा कशाला? तो प्रोसेसरच्या रजिस्टरमध्येच ठेवून देतो. तू पत्ता छापला होतास म्हणून तुझ्या बाबतीत त्याला मेमरीत ठेवावाच लागला. तिला त्या व्हेरिएबलच्या आधी 'व्होलाटाइल' लिहायला सांग, सापडेल. खऱ्या गेममध्ये ही अडचण क्वचित येते, कारण खेळाडूचा स्ट्रक्ट मेमरीतच राहतो.

सुडो का लागलं तेही सांगतो. उबुंटूत मुळातच असा नियम आहे की एका प्रोग्रामनं दुसऱ्या भलत्याच प्रोग्रामच्या मेमरीला हात लावायचा नाही, फक्त स्वतः सुरू केलेल्याला. तू दोन वेगळ्या खिडक्यांतून चालवलंस म्हणून अडलं. तुझ्या चीटनंच गेम सुरू केला तर सुडो लागणार नाही. त्यासाठी दुसरा प्रोग्राम सुरू करणारी फोर्क आणि एक्सेक ही फंक्शनं वाचून काढ.

उद्यमनगरी
पुढची पायरी मी सांगतो, ही माझी आवडती. आकडा बदलायचा नाही, आकडा बदलणारी सूचनाच शोधायची. डीबगरला सांगायचं, या पत्त्यावर कुणी लिहिलं की थांब. इंटेलच्या प्रोसेसरमध्ये यासाठी खास रजिस्टर आहेत, एका वेळी चार पत्त्यांवर पहारा ठेवता येतो. मार खाल्ला की डीबगर थांबतो आणि समोर ती वजाबाकीची सूचना दिसते. तिच्या जागी षोडशमानातला ९० हा बाइट भरायचा, म्हणजे 'काही करू नको'. आता रक्त कमीच होत नाही.

पण लगेच खुश होऊ नको. बऱ्याच गेममध्ये खेळाडू आणि शत्रू दोघांनाही इजा करणारं फंक्शन एकच असतं. ते बंद केलं की शत्रूही मरत नाहीत. सगळेच अमर! मग दोघांच्या स्ट्रक्टमध्ये काय वेगळं आहे ते शोधायचं, संघाचा क्रमांक वगैरे, आणि ते तपासणाऱ्या चार ओळी स्वतः लिहून तिथे वळवायच्या. असेम्ब्ली शिकू का असं विचारलं होतंस ना, ती इथे लागते, आणि एवढीच लागते. मूव्ह, अ‍ॅड, सब, कंपेअर, जंप.

गवती_चहा
सगळेच अमर असलेला गेम मला आवडेल. शांतपणे फिरत बसायचं.

टॉवर_लाइन
सरावासाठी असॉल्ट क्यूब हा गेम घ्या. फुकट आहे, सोर्स कोड खुला आहे, त्यामुळे सापडलेलं बरोबर की चूक हे कोडमध्ये जाऊन ताडता येतं. खेळायचं बॉटविरुद्ध, स्वतःच्याच संगणकावर, लोकांच्या सर्व्हरवर नाही. पुढे नेटवर्कमध्ये रस वाटला तर 'पोन अ‍ॅडव्हेंचर ३' हा गेम आहे, तो २०१५ च्या एका सुरक्षा स्पर्धेसाठी मुद्दाम फोडण्यासाठीच बनवला होता. आणि एक्सई फाइल आतून वाचायला घिड्रा. अमेरिकेच्या एनएसएनं ते २०१९ मध्ये सगळ्यांना खुलं केलं. मालवेअर तपासणारे लोक हीच अवजारं वापरतात. सरळ रेषा, करिअरचं म्हणाल तर ही वाट तिकडेही जाते.

सरळ_रेषा
पटलं. माझी एकच अट, पोरानं जे काही बनवलं त्याची वही ठेवावी आणि ज्युनियर मुलांना शिकवताना सर्व्हरचा भाग आधी शिकवावा.

राजारामपुरी_गल्ली
सांगायचं राहिलं. मुलाला बसवून सगळं सांगितलं. मॉडचा विषय संपला. आता विचारतोय की पन्हाळ्याचा वारा दादानं लिहिलेला एंटर दाबायचा गेम त्याला मिळेल का, त्यालाही रक्त शोधायचंय. नववीत सी शिकता येतं का?

फळा_आणि_खडू
येतं, ताई. घरचा साधा संगणक पुरतो.

पन्हाळ्याचा_वारा
काकू, नक्की देतो, त्याला सोपा जावा म्हणून पत्ता छापणारी आवृत्तीही देतो.

सर, सरळ रेषा काका, वही सुरू केलीय. आता आम्ही दोघांनी ठरवलंय, मी एकीकडे बचाव लिहिणार आणि ती फोडणार. माझ्या गेममध्ये आता रक्त सरळ साठवत नाही. एका गुप्त आकड्याशी एक्सओआर करून ठेवतो आणि दर वेळी तो गुप्त आकडा बदलतो. सेव्ह फाइलला शेवटी चेकसमही, म्हणजे फाइल बदलली तर कळवणारा आकडा, लावलाय. १०० शोधलं तर सापडणार नाही. जुळणारा आकडाच मेमरीत नाही.

मेमरीतला_उंदीर
रक्त कमी न होता तसंच राहिलं तरी दर वेळी बदलणारे पत्ते शोधायचे, मग तुझा गुप्त आकडाही सापडतो आणि त्याच्या शेजारचं रक्तही. शेजारीच ठेवलायस ना?

पन्हाळ्याचा_वारा
...हो. एकाच स्ट्रक्टमध्ये. तिला सांगू नका.

कोड_कांडप
एक्सई पाठव भावा. रविवारी पायथॉननं फोडतो आणि किती ओळी लागल्या ते इथंच लिहितो.